शुद्ध चांदीचा पाळणा

चहात काही कमीजास्त झालं की माझी बायको आधी त्याबद्दल बोलते आणि मग खऱ्या विषयाला हात घालते. त्या गुरुवारी चहात साखरच नव्हती आणि ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "वेलंकनीला जायाचं हाय."

वेलंकनी तमिळनाडूत, थेट समुद्राच्या काठाला, ख्रिस्ती लोकांच्या आईमाउलीचं ठाणं. आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात, समुद्राचा आणि आमचा काही संबंध नाही. आमच्याकडे पाऊस कमी आणि गलाईवाले जास्त. जुने, तुटके दागिने वितळवायचे, त्यातलं तांबं, जस्त, सांध्यांना लावलेले डाग काढून टाकायचे आणि शुद्ध सोनं-चांदी परत द्यायची, ही गलाई. हा एवढा एक धंदा घेऊन आमच्याकडची माणसं देशभर पांगली. ज्या गावात सराफ पेठ आहे तिथे मागच्या गल्लीत धूर काढणारा एक सांगलीवाला असतोच. मी कुंभकोणमला होतो. सगळी उमेद तिथे गेली. आता गावी परत येऊन द्राक्षांच्या चार ओळी सांभाळतो आणि लोकांना धंद्यातलं शहाणपण सांगतो. ते कोणी ऐकत नाही.

कुंभकोणमला आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होतं. त्या बाईचं आणि बायकोचं आधी खाणाखुणांनी आणि मग तमिळमधून जमलं. मला तमिळमध्ये फक्त वजनं आणि शिव्या येत होत्या, तेव्हा ही तिच्याशी संसाराच्या गप्पा मारायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. गावाकडून दर पत्रात एक नवा उपास यायचा. एक दिवस ती शेजारीण हिला बसमध्ये घालून वेलंकनीला घेऊन गेली. तिथल्या झाडाला हिनं लाकडाचा एवढासा पाळणा बांधला आणि सांगितलं, लेकरू झालं की चांदीचा आणून देईन. संध्याकाळी परत आली तेव्हा केसांत वाळू होती आणि चेहरा निवांत होता. पुढच्या वर्षी मुलगी झाली.

आता मुलगी झाली म्हटल्यावर गावाकडे माझ्या आईनं जाहीर केलं की आपला देव पावला. मुलीला घेऊन आम्ही गावी आलो, कुलदैवताला गेलो, गुळानं तुला केली, जेवणावळ घातली. वेलंकनीचा विषय काढायची कोणाची छाती नव्हती. परत गेलो तर शेजारीण नवऱ्याच्या बदलीवर निघून गेलेली. मग मुलीची शाळा, मग दुकान, मग गाव. पाळणा राहिला तो राहिला.

गुरुवारी तो आठवण्याचं कारण होतं. मुलगी साताऱ्यात असते. तिला सातवा महिना होता. त्याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. दुसऱ्या वेळी तर मूल गेलंच, पण मुलगी स्वतः जाता जाता राहिली. यंत्रांना जोडलेली पोर काचेतून बघायची आणि डॉक्टर बाहेर आले की त्यांच्या चपलांकडे बघायचं, तोंडाकडे नाही, असे ते दिवस होते. आता तिसरी वेळ. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. तिच्या सासूबाई हातात ताट देत होत्या. आणि मुलीनं सगळ्यांना बजावलं होतं की बाळासाठी काही आणायचं नाही. टोपडं नाही, दुपटं नाही, नावाचा विषय नाही. तिच्यासमोर कोणी बाळ हा शब्दसुद्धा काढत नव्हतं. तब्येत कशी आहे विचारायचं आणि गप्प बसायचं.

"फेडलं न्हाई म्हणून हुतंय ह्ये," बायको म्हणाली.

"असं काही नसतं," मी म्हणालो.

"तुमी उधारी बुडवणाऱ्याला दुसऱ्यांदा माल देत हुता का?"

"न्हाई."

"मग?"

गरज सरो वैद्य मरो, अशी आमची गत झाली असं तिचं म्हणणं होतं, आणि ती वैद्याला भेटायला निघाली होती. मी रेल्वेचा हिशेब सांगितला. जायला दोन रात्री, यायला दोन रात्री, आणि मधे साताऱ्याहून फोन आला तर आम्ही कुठे, तर आंध्रात. हे तिला पटलं. चेहरा मात्र पडला. तिचा चेहरा पडला की मला काहीतरी बोलावंसं वाटतं आणि बहुतेक वेळा ते महागात पडतं. मी म्हणालो, बेळगावच्या पुढे डोंगरावर एक चर्च आहे, तिथेही वेलंकनीच्याच माउलीची मूर्ती आहे, लोक लांबून नवस करायला येतात. गलाईच्या धंद्यातला माझा एक भाऊबंद तिकडे होता, त्याच्याकडून ऐकलेलं. दिवसात जाऊन येता येईल.

"त्ये कसं चालंल? बोलल्ये एकीकडं, फेडायचं दुसरीकडं?"

मी तिला आमच्या गावचंच उदाहरण दिलं. आमच्याकडे गावोगाव ही गोष्ट सांगतात. आमच्या गावचा एक धनगर दर रविवारी जोतिबाच्या डोंगरावर चालत जायचा. म्हातारा झाला, पाय थकले. देव म्हणाला, तू पुढं हो, मी मागनं येतो, फक्त वळून बघू नको. गावाच्या शिवेवर कुत्रं भुंकलं, म्हातारा वळला आणि देव जिथल्या तिथे थांबला. म्हणून आमचं देऊळ गावात नाही, ओढ्याच्या पलीकडे आहे, आणि पावसाळ्यात पुजाऱ्याला गुडघाभर पाण्यातून जावं लागतं.

"जोतिबा धनगराच्या मागनं येतो, तर ती आई बेळगावपतुर येणार न्हाई?"

बायकोनं विचार केला. "देव येतो. आई येती का बघू," ती म्हणाली. आणि तिनं एक अट घातली. पाळणा विकतचा चालणार नाही. तुम्ही जन्मभर लोकांचं वितळवलं, आता हातानं एक करा.

संध्याकाळी तिनं कपाटातून एक पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. मुलीचे लहानपणीचे वाळे होते, घुंगरांसकट. जिच्यासाठी नवस, तिच्याच अंगावरची चांदी पाहिजे, असं ती म्हणाली. मला ते वितळवायला जिवावर आलं होतं. पण चांदी समोर आली की माझे हात माझं ऐकत नाहीत. गोठ्याशेजारच्या खोलीत मूस अजून होती, भाताही होता. मुशीत वाळे घातले, मळ सुटायला टाकणखार टाकला, आणि त्या पायांचं दोन घटकांत पाणी झालं. मग सगळे डाग काढले. जुन्या वाळ्यांत भेसळ बरीच निघाली. वाळे ज्याच्याकडून घेतले त्या कुंभकोणमच्या सराफानं मला फसवलं होतं हे इतक्या वर्षांनी कळलं, पण आता तो हयात नसावा.

गावातला सोनार बघायला आला होता. तो म्हणाला, "आण्णा, घडवायच्या आधी जरा तांबं घाला. नुसती चांदी मऊ पडती."

माझा पारा चढला. जन्मभर मी चांदीतलं तांबं काढत आलो आणि देवाला द्यायच्या वस्तूत स्वतःच्या हातानं घालू? मी त्याला चहा पाजून घालवून दिलं. पाळणा तळहातावर मावेल एवढा झाला. चार पाय, वरची दांडी, खाली झोळी. घडवण्यात माझा हात नाही, त्यामुळे तो थोडा बाजेसारखा दिसत होता. पण चांदी अशी होती की तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

रविवारी दिवस उगवायला आमच्या गाडीनं निघालो. साताऱ्यात काही सांगितलं नाही. बायकोनं पिशवी भरली त्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिवळी साडी, हळदकुंकू, उदबत्ती, नारळ आणि पाळण्याची पुठ्ठ्याची डबी होती. चर्चमध्ये नारळ फोडतात का, हे मी विचारलं. वेलंकनीला चालतो, ती म्हणाली. मिरज सोडली, कागवाडला पाट्या कन्नड झाल्या आणि पुढे कृष्णा ओलांडली. बायको पदराखाली मोबाईल धरून बसली होती. दर थोड्या वेळानं रेंज आहे का बघायची. असली तर फोन का येत नाही याची काळजी, नसली तर आला असेल तर याची काळजी.

डोंगराच्या पायथ्याला मेणबत्त्यांची दुकानं होती. मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, कान, डोळे, छाती, घर आणि बाळंही टांगलेली. ज्याचं जे दुखतं ते विकत घेऊन वर ठेवायचं. एक मेणाचं विमान होतं. ते परदेशातल्या नोकरीसाठी, असं कळलं. बायकोनं ते हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "ट्रॅक्टर न्हाई व्हय?" नव्हता.

दुकानातली बाई बेळगावकडची मराठी बोलत होती. तिनं आमच्याकडे बघून सरळ विचारलं, "फेडायला आलासा का मागायला?"

दोन्हींच्या जागा वेगळ्या होत्या. झालेल्या नवसाचं आत, डावीकडच्या काचेच्या कपाटात. नवीन मागायचं असेल तर चर्चच्या मागे फणसाच्या झाडाला लाकडी पाळणा बांधायचा.

"फेडायला," बायको म्हणाली.

"नवीन काय न्हाई मागायचं?"

"न्हाई."

मला आश्चर्य वाटलं. साताऱ्यात पोर पडून आहे, आपण एवढं लांब आलो, आणि मागायचं नाही? वर चढताना मी तसं म्हणालो. ती पायऱ्या चढत राहिली. मग दम खायला थांबली आणि म्हणाली, "मागितलं की फेडाय लागतंय. एक फेडायला पोरीला पोर व्हायची येळ आली. आता दुसरं कोण फेडणार? तुमचं गुडघं बघा."

माझे गुडघे खरंच दुखत होते. वाद तिथे मिटला.

चर्चच्या दारात तिनं मला चपला काढायला लावल्या. आतले सगळे लोक बूट घालून होते. एक माणूस माझ्या पायांकडे बघत राहिला. मी सवयीनं वर हात केला तर घंटा नव्हती. तो हात मग तसाच डोक्यावरून फिरवला. प्रदक्षिणेला जागा नव्हती, मूर्ती भिंतीला लागून. बायकोनं उभ्या जागी स्वतःभोवती एक गिरकी घेतली. मागच्या बाकावरची एक लहान मुलगी लगेच तशीच फिरली आणि तिच्या आईनं तिला खाली बसवलं.

मग बायको मूर्तीकडे बघायला लागली, आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही ती न्हाई," ती म्हणाली.

"अगं, तीच आहे. खाली लिहिलंय."

"तिला लुगडं हुतं. पिवळं. ही झगा घालून हाय."

देवाची माणसासारखी ओळखपरेड होत नसते हे मला माहीत आहे, पण तेवढं लांब येऊन ही बाई पाळणा परत न्यायला कमी करणार नव्हती, आणि परत नेला असता तर ती रात्रीची झोपली नसती. बाळ होईपर्यंत झोपली नसती. ती पुढे सरकली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि हळू आवाजात तमिळ बोलायला लागली. नवस ज्या भाषेत केला त्या भाषेत. इतक्या वर्षांत मी तिला तमिळ बोलताना ऐकलं नव्हतं. काय बोलतेय ते मला कळत नव्हतं. मुलीचं नाव तेवढं दोनदा ऐकू आलं.

वळली तेव्हा डोळे पुसत होती. "कळतंय तिला," म्हणाली. "झगा असंना."

डबी उघडली आणि मला माझं सगळं आयुष्य डबीत दिसलं. प्रवासभर तिच्यावर नारळ होता. पाळणा चेपला होता. दोन पाय आत वळलेले, दांडी वाकलेली, झोळी एका बाजूला कलंडलेली. मी अंगठ्यानं पाय सरळ करायला गेलो तर तो सरळ होऊन पलीकडे वाकला. शुद्ध चांदी जशी वागते तशीच ती वागत होती. चांदीत दोष नव्हता. सोनार बरोबर होता याचा मला असा राग आला की चर्च नसतं तर मी कुंभकोणमचं सगळं तमिळ वापरलं असतं.

"ऱ्हाऊ द्या," बायको म्हणाली आणि तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

काचेच्या कपाटात पाळण्यांची रांग होती. पत्र्याचे, साच्यातून काढलेले, बहुतेक जर्मन सिल्व्हरचे, हे मी काचेबाहेरूनच सांगू शकत होतो. चांदी त्यांना फार तर मुलामा देण्यापुरती लागली असेल. सगळे ताठ उभे. तिथल्या माणसानं कपाट उघडलं. आमचा पाळणा उभा राहिना. दोनदा पडला. मग बायकोनं तो शेजारच्या पत्र्याच्या पाळण्याला टेकवून ठेवला, तसा राहिला. कपाटाला हात लावून ती काहीतरी पुटपुटली आणि आम्ही बाहेर आलो. नारळ तिनं पायरीवर ठेवला. पिवळी साडी त्या माणसाला दिली आणि मूर्तीला नेसवा म्हणून सांगितलं. तो बरं म्हणाला. नेसवणार नाही हे तिघांनाही माहीत होतं.

ती सावलीत भाकरी सोडायला बसली. मी पाणी आणतो म्हणून उठलो आणि खाली त्या दुकानात गेलो. गुडघ्यांनी दोन शिव्या घातल्या. दुकानातल्या बाईनं मला बघितल्याबरोबर लाकडी पाळणा काढून समोर ठेवला.

फणसाच्या झाडाला शेकडो पाळणे होते. काही जुने, पावसानं काळे पडलेले. ते फेडले गेले का राहिले, कळायला मार्ग नव्हता. मी एक फांदी बघून दोरा बांधला, गाठ पक्की मारली. मला देवाशी बोलायची सवय नाही. गिऱ्हाइकाशी आहे. त्यामुळे तसंच बोललो. म्हणालो, मला तमिळ येत नाही, मराठीत सांगतो. नातवंडाचं तू आणि डॉक्टर बघा, दिलंस तर उपकार होतील. पण पोरगी आमची जुनी आहे. तिला धक्का लावू नको. तेवढं केलंस तर पाळणा मी करून आणतो, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो. आणि या वेळी तांबं घालून आणतो, म्हणजे उभा राहील.

पाणी न घेताच परत आलो. तिच्याजवळच्या बाटलीत पाणी भरपूर होतं.

गाडी चिकोडीच्या अलीकडे आल्यावर ती म्हणाली, "गाठ नीट मारली का?"

"मारली."

"काय मागितलंसा?"

मी सांगितलं. आमच्यात नवस लपवायचा नसतो. ती खिडकीबाहेर उसाकडे बघत होती.

"मी मागितलं न्हाई," ती म्हणाली. "पाळणा ठेवताना एवढंच म्हनलं, आता फिटलं. दिल्यालं माघारी न्यायचं न्हाई. मागच्या बारीला न्यायला आलीवती ती. मला दवाखान्यातच कळलं हुतं."

मागच्या वेळेपासून ही बाई हे उराशी घेऊन माझ्याशेजारी झोपत होती, आणि मी घोरत होतो. मला समोरचा रस्ता नीट दिसेना. गाडी बाजूला घेतली. टायर बघतो म्हणालो आणि उतरून चारी टायर बघितले.

परत बसलो तेव्हा फोन वाजला. साताऱ्याहून. बायकोनं घाईत चुकून स्पीकर लावला.

"आई, कुठे आहात? आवाज कसला येतोय?"

"मिरजंला. तुझ्या बापाचं गुडघं दाखवायला. तू बरी हायस न्हवं?"

"बरी आहे." "आई, माझे ते लहानपणीचे वाळे आहेत ना अजून? घुंगरांचे?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"का गं?"

"काढून ठेव. बाळाला लागतील."

सात महिन्यांत तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा आला होता. बायकोनं तोंडावर पदर धरला. मग पदर काढला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "हायेत की. तुझ्या बापाकडं हायेत. उजळायला दिल्यात."

फोन ठेवून ती सरळ समोर बघत बसली. मी गाडी सुरू केली. मिरज आली. सराफ पेठ जवळ आली तशी ती म्हणाली, "थांबवा हितं. चांदी घ्या. आणि तांबं बी घ्या आठवणीनं. लेकरू पाय झाडंल."